कस्टमरला आवाज जात नाही, हेडसेट बदलला तरी चार दिवसांनी परत तेच

ज्यांच्या ऑफिसात दिवसभर हेडसेट लावून बोलायचं काम असतं त्यांना हा प्रकार नवीन नाही. कॉल चालू आहे, आपल्याला समोरचं सगळं स्वच्छ ऐकू येतंय, आणि समोरचा मात्र "हॅलो... हॅलो... अहो बोला की" करत बसलाय. मग आयटीला टिकिट (तक्रारीची नोंद) टाकायचं, आयटीवाला येतो, ड्रॉवरमधून दुसरा हेडसेट काढून देतो, जुना त्याच ड्रॉवरमध्ये टाकतो, टिकिट क्लोज. चार दिवसांनी तोच जुना हेडसेट दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यावर असतो आणि तिकडून नवीन टिकिट येतं.

मी आयटी सपोर्टमध्ये काम करतो त्यामुळे हे चक्र रोज बघतो, आणि माझं मत असं झालंय की बऱ्याच ऑफिसात हेडसेट सारखे खराब होतच नाहीत, तेच मोजके खराब हेडसेट फ्लोअरभर फिरत असतात. त्यातले काही तर धडधाकट असतात, दोष खालच्या वायरीत असतो नाहीतर विंडोजच्या सेटिंगमध्ये, आणि शिक्षा हेडसेटला होते. म्हणून नवीन खरेदीची फाईल पुढे ढकलण्याआधी एकदा तो ड्रॉवर उपसा. प्रत्येक पीस खाली सांगतोय तसा तपासा, चांगल्याला चिठ्ठी लावा, आणि जो खरंच गेलाय त्याची कुशन, क्लिप, स्पंज काढून घ्या आणि वायर कात्रीने सरळ कापून टाका. कापली नाही तर कोणीतरी भला माणूस गर्दीच्या वेळी तो परत वापरायला देणारच, हे लिहून घ्या.

आधी विचारा, त्रास नक्की कोणाला होतोय

टिकिटात लोक "व्हॉइस इश्यू" एवढंच लिहितात, त्यातून कोणाला काय कळणार. कोणाचा आवाज कोणाला येत नाहीये हे विचारलं की निम्मं काम तिथेच होतं. तुमचा आवाज समोर जात नसेल तर माईकची बाजू बघायची, समोरचा तुम्हाला ऐकू येत नसेल तर स्पीकरची, इथपर्यंत सोपं आहे. घोळ होतो तो एकोमध्ये. आपलाच आवाज जरा उशिराने परत कानात आला की प्रत्येकजण स्वतःच्या हेडसेटवर चिडतो, पण एको ज्याला ऐकू येतो त्याच्याकडे बहुतेक वेळा काही बिघडलेलं नसतं, समोरच्याच्या स्पीकरमधून निघालेला तुमचा आवाज त्याच्याच माईकमध्ये शिरून परत तुमच्याकडे येत असतो. कस्टमर फोन स्पीकरवर टाकून स्वयंपाक करत असेल तर तुम्ही इकडे तीन हेडसेट बदलले तरी काही होणार नाही, "जरा फोन कानाला लावता का" एवढंच विचारायचं. उलट कस्टमरच म्हणाला की मला माझाच आवाज ऐकू येतोय, तर मात्र आपल्याकडे बघायचं, एकतर व्हॉल्यूम फुल ठेवलाय किंवा कानाचं कुशन फाटून आवाज बाहेर गळतोय आणि माईक तो उचलतोय.

आपलाच आवाज अजिबात उशीर न होता हलकासा कानात येतो तो वेगळा, त्याला साइडटोन म्हणतात, तो मुद्दाम ठेवलेला असतो कारण तो नसला तर माणूस नकळत ओरडून बोलायला लागतो. त्याची तक्रार घेऊन आलेल्याला समजावून परत पाठवा. पण तो उशिराने येत असेल आणि कॉल नसतानाही येत असेल तर विंडोजमध्ये माईकच्या प्रॉपर्टीजमध्ये "लिसन टू धिस डिव्हाइस" वर टिक पडलेली असते, ती काढली की गेला.

आणि दोन गोष्टींत हेडसेटचा काही संबंध नसतो. आवाज तुटक, रोबोटसारखा येत असेल तर ते नेटवर्क आहे, आवाजाच्या डेटाची पाकिटं वाटेत गळतायत. आणि कॉल व्यवस्थित लागतो, टाइमर चालू होतो पण पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत एका बाजूने ठार शांतता, तर तेही बहुधा नेटवर्कच. इंटरनेटवरच्या फोनमध्ये कॉल जोडायचे निरोप वेगळे जातात आणि प्रत्यक्ष आवाज वेगळा जातो, त्यामुळे राऊटर किंवा फायरवॉल आवाजच तेवढा अडवतं आणि कॉल मात्र लागलेला दिसतो. घरून काम करणाऱ्यांकडे हे जास्त होतं. तिथे हेडसेट कुरियरने बदलून पाठवण्यात काही अर्थ नाही.

रेकॉर्डर लावून एक ते वीस मोजा

माझी आवडती टेस्ट. डायलर, सॉफ्टफोन (कॉम्प्युटरवरून कॉल लावायची-घ्यायची सॉफ्टवेअरं) सगळं बंद करायचं, विंडोजचा साधा साउंड रेकॉर्डर (आधीचं नाव व्हॉइस रेकॉर्डर) उघडायचा, रेकॉर्डिंग लावायचं आणि एक ते वीस आकडे शांतपणे मोजायचे. मोजता मोजता एका हाताने वायर वरपासून खालपर्यंत सरकत सरकत हलकी वाकवत जायचं, कानाच्या कपापाशी, माईकची दांडी जिथून निघते तिथे, मधल्या कनेक्टरपाशी, म्यूटच्या डबीपाशी, आणि शेवटी यूएसबी पिनपाशी. मग ऐका. अकरा, बारा, आणि तेराच्या जागी नुसतं खर्र, मग चौदा परत नीट. तेरा म्हणताना बोटं कुठे होती ते आठवा, तुटलेली तार तिथेच आहे. वरून रबर छान दिसत असतं, आतल्या बारीक तांब्याच्या तारा मात्र एकेक करून तुटत आलेल्या असतात, म्हणून तर प्रॉब्लेम कधी येतो आणि कधी नाही, आणि आयटीवाला आला की नेमका येत नाही.

रेकॉर्डिंग पूर्ण स्वच्छ आलं तर हेडसेटला हात लावू नका, डायलर, परवानग्या आणि नेटवर्ककडे वळा. रेकॉर्डिंगच खराब आलं तर मग एका वेळी एकच गोष्ट बदला. हे मी सतरा वेळा सांगतो आणि तरी लोक हेडसेट, पोर्ट आणि वायर तिन्ही एकदम बदलतात, मग चालू झालं तरी कशामुळे चालू झालं हे कळत नाही.

कॉल सेंटरच्या चांगल्या हेडसेटमध्ये मध्येच एक जोड असतो, क्विक डिस्कनेक्ट, सगळे क्यूडीच म्हणतात. डोक्यावरचा भाग वेगळा आणि खालची वायर वेगळी. ही सोय माणसाला चहाला जाताना हेडसेट न काढता उठता यावं म्हणून आहे खरी, पण सपोर्टवाल्यासाठी ती सोन्यासारखी आहे. शेजारच्या चालू सीटवरची खालची वायर आणून लावा. नीट झालं? मग वरचा भाग चांगला आहे, खालची वायर गेली. माझ्या अनुभवात खालची वायरच आधी जाते, कारण ती खुर्चीच्या चाकाखाली येते, टेबलाच्या कडेवर घासते, आणि शिफ्ट संपली की लोक ती मुठीभोवती आवळून गुंडाळतात. खालची वायर वरच्या भागापेक्षा बरीच स्वस्त मिळते. मग अख्खा हेडसेट फेकायचा कशाला.

एक लक्षात ठेवा, क्यूडी सगळ्यांचं सारखं नसतं. प्लँट्रॉनिक्सचं जॅब्राच्या वायरीत बसत नाही. दुकानदार "सेमच आहे साहेब" म्हणाला तरी समोर लावून बघा. आणि प्लँट्रॉनिक्सचे पार्ट शोधत असाल तर नावाचा घोळ आहे, २०१९ मध्ये ती कंपनी पॉली झाली आणि २०२२ मध्ये एचपीने घेतली, त्यामुळे एकच कुशन तीन नावांनी विकलं जातं. (१९६९ ला नील आर्मस्ट्राँग चंद्रावरून बोलला तो याच कंपनीच्या हेडसेटमधून, पण त्याच्या खुर्चीला चाकं नव्हती.)

माईक कपाळावर आणि हनुवटीखाली

आता सगळ्यात जास्त टिकिटं ज्याची येतात ते. हेडसेट चांगला, वायर चांगली, सेटिंग बरोबर आणि तरी कस्टमर म्हणतो आवाज लांबून येतोय. जाऊन बघावं तर माईकची दांडी एकतर हनुवटीखाली लोंबतेय किंवा वर कपाळाकडे फिरवलेली आहे.

"दादा, मला तर सगळं क्लिअर येतंय, कस्टमरच बहिरा आहे."

"माईक खाली घे आधी."

"तोंडासमोर आला की फूफू आवाज येतो ना पण."

दोघांचंही बरोबर आहे. नॉइज कॅन्सलिंग माईकला साधारणपणे दोन बाजूंनी भोकं असतात. लांबून येणारा आवाज, म्हणजे शेजारच्याचं बोलणं, एसी, पंखा, हा दोन्ही बाजूंना जवळपास सारखाच पोचतो आणि आतल्या आत कटतो. तोंडाजवळचा आवाज एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी पोचतो म्हणून तो टिकतो. आता माईक तुम्ही तोंडापासून लांब नेला की तुमचाच आवाज त्याच्यासाठी लांबचा आवाज होतो आणि तोही कटायला लागतो. म्हणजे माईक बिघडलेला नाही, तो त्याचं काम इमानदारीत करतोय. तेच माईक उलटा फिरला तर, पाठ तोंडाकडे आणि तोंड बाहेर. बऱ्याच माईकवर एक बारीक ठिपका किंवा खूण असते, ती ओठांकडे हवी.

बरोबर जागा अशी: ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटं लांब आणि तोंडाच्या बरोबर समोर नाही, जरा बाजूला. मग श्वास थेट माईकवर येत नाही आणि फूफू होत नाही. वरचा स्पंज हरवला असेल तर तो पाच-दहा रुपयांचा स्पंज आधी आणा, नवीन हेडसेटचं नंतर बघू. एसीच्या थेट झोताखाली किंवा टेबलफॅनसमोर बसणाऱ्याला तर स्पंजाशिवाय पर्यायच नाही.

दांडी फिरवतानाही एक. बहुतेक दांड्या एका ठिकाणी जाऊन अडतात, तिथे थांबायचं. रिकाम्या वेळात गोल गोल फिरवत बसायची सवय असते काही जणांना, आतली वायर त्या पिळाने तुटते आणि मग माईक एका विशिष्ट कोनात धरला तरच चालतो. असा हेडसेट दिसला की समजायचं.

आणि म्यूट. हसू नका, पण एका कॉलला तीन ठिकाणी म्यूट असू शकतं, वायरीवरच्या डबीवर, डायलरमध्ये आणि विंडोजमध्ये, आणि काही मॉडेलमध्ये दांडी वर केली की आपोआप म्यूट होतं ते चौथं. वायरीवरच्या डबीचं बटण शर्टात किंवा ओढणीत अडकून दाबलं जातं. ती डबी क्लिपने कपड्याला लावायची असते, नुसती लोंबत ठेवायची नसते, त्याने वायरीवरचा ताणही कमी होतो.

विंडोजचे खेळ

सकाळी आल्यावर चालत नाही पण काल संध्याकाळपर्यंत चालत होतं, असं कोणी म्हणालं की मी आधी सेटिंग बघतो. अपडेट झालं, नवीन मॉनिटर एचडीएमआयने जोडला किंवा कोणी यूएसबी पिन दुसऱ्या पोर्टात घातली, की विंडोज डिफॉल्ट डिव्हाइस बदलून बसतं. दुसऱ्या पोर्टात लावलेला तोच हेडसेट कधी कधी नावापुढे "२" लावून नवीन म्हणून दिसतो आणि डायलर मात्र जुन्या नावाची वाट बघत बसतो. म्हणून हेडसेटचं पोर्ट ठरवून टाका, त्यावर रंगीत टेप लावा आणि सफाईवाल्या मावशींनाही सांगून ठेवा की ही पिन काढू नका.

विंडोजच्या कंट्रोल पॅनलमधल्या जुन्या साउंड बॉक्समध्ये डिफॉल्ट डिव्हाइस आणि डिफॉल्ट कम्युनिकेशन डिव्हाइस असे दोन प्रकार असतात, दोन्ही बघा. लॅपटॉपचा स्वतःचा माईक निवडलेला राहिला तर कॉल चालतो, पण कस्टमरला अख्खं फ्लोअर ऐकू येतं आणि तुम्हाला वाटतं हेडसेटचं नॉइज कॅन्सलेशन गेलं. तपासायची सोपी युक्ती म्हणजे माईकवर नखाने हलकं टकटक करा आणि लेव्हलची हिरवी पट्टी हलते का बघा. पट्टी हलली नाही आणि लॅपटॉपजवळ टिचकी वाजवल्यावर हलली, तर उत्तर मिळालं. डायलर ब्राउझरमध्ये चालत असेल तर त्या साइटला माईकची परवानगी वेगळी लागते, आणि विंडोजच्या प्रायव्हसीमध्ये माईकची वेगळी, दोन्हीपैकी एक बंद असली तरी बोंब.

थोडा वेळ कॉल आला नाही आणि मग पहिल्याच कॉलला हेडसेट मेलेला, काढून लावला की चालू, हा अजून एक ठरलेला प्रकार. वीज वाचवायला विंडोज यूएसबी पोर्ट झोपवतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन ती टिक काढा, आणि पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. आणि हेडसेट स्वस्तातल्या हबवर, ज्यावर कीबोर्ड, माऊस, पेनड्राइव्ह आणि मोबाईलचं चार्जिंग सगळं लटकलंय, तिथे लावू नका. सरळ मशीनच्या पोर्टात.

वाक्याची सुरुवात गिळली जाते, "नमस्कार" चं "स्कार" ऐकू येतं, तर आवाज साफ करणारी सॉफ्टवेअरं एकावर एक चढलेली असतात. हेडसेटचं स्वतःचं, विंडोजचं, डायलरचं. एक ठेवा आणि बाकीची बंद करा. कॉल आला की बाकीचे आवाज एकदम बारीक होतात ही मात्र खोडी नाही, साउंडच्या कम्युनिकेशन्स टॅबमध्ये मुळातच ८० टक्के कमी करण्याचा पर्याय निवडलेला असतो, नको असेल तर "डू नथिंग" करा.

डेस्कफोन आणि गोल पिनवाले

सरकारी कचेरी, बँक, हॉटेलचं रिसेप्शन, हॉस्पिटलची चौकशी खिडकी, इथे अजून डेस्कफोनच आहेत. त्यात दोन सारखीच दिसणारी छोटी चौकोनी भोकं असतात, एक रिसिव्हरचं आणि एक हेडसेटचं. चुकीच्यात लावलं की काम होत नाही किंवा अर्धवट होतं. त्याहून वाईट म्हणजे पिन तंतोतंत बसते पण आतल्या चार तारांचा क्रम वेगवेगळ्या फोन कंपन्यांत वेगवेगळा असतो, त्यामुळे ऐकू येतं आणि बोलणं जात नाही, किंवा सगळंच गप्प. म्हणून हेडसेट घेताना फोनचं मॉडेल सांगून त्याचीच खालची वायर मागायची. "सगळ्या फोनला चालतो" याच्यावर विश्वास ठेवू नका.

३.५ एमएमच्या गोल पिनवर काळ्या रेघा मोजा. दोन रेघा म्हणजे फक्त ऐकायचं किंवा फक्त माईक, तीन रेघा म्हणजे दोन्ही एकाच पिनमध्ये. जुन्या डेस्कटॉपला हिरवं आणि गुलाबी असं वेगळं भोक असतं, तिथे तीन रेघांची पिन हिरव्यात लावून माईक चालायची वाट बघू नका, वाय आकाराचा जोड लागतो. शिवाय या तीन रेघांच्या पिनेतही दोन पद्धती आहेत, माईक आणि अर्थ (ग्राउंड) यांची जागा उलटसुलट. बोलणाऱ्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा आणि वायरीवरचं बटण दाबून धरलं की एकदम नीट, असं झालं तर पद्धत जुळत नाहीये, हेडसेट ठीक आहे.

गुणगुण आणि टिरटिर

कॉलमध्ये सतत घुंऽऽ असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. गेला? मग अर्थिंगचा प्रश्न आहे. आपल्याकडे तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या एक्स्टेंशनमध्ये खुपसायची पद्धत आहे, शिवाय जुन्या इमारतींत बोर्डाला अर्थ असतो तो नावाला. गोल पिनच्या हेडसेटला हे लगेच ऐकू येतं, यूएसबीवाल्याला सहसा कमी. घरी लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर गुणगुण सुरू होत असेल तर तो स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर असणार, साइन वेव्हवाल्यावर हा त्रास नसतो. इलेक्ट्रिशियनला बोलवा, हेडसेटवाल्याला नको, आणि अर्थिंगचं काम टाळू नका, ते आवाजापेक्षा जिवाशी जास्त संबंधित आहे.

मध्येच टिर-टिर-टिर टिरर येऊन दोन सेकंदांत मोबाईल वाजतो, ते मोबाईलचं २जी सिग्नल वायरीत शिरतंय. मोबाईल टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, बस.

वायरलेस घ्यावा का

हा प्रश्न दर महिन्याला कोणीतरी विचारतंच. माझं उत्तर, दिवसभर कॉल घेणाऱ्याला वायरचा यूएसबी, आणि फिरत फिरत बोलणाऱ्या मॅनेजरला वायरलेस. ब्लूटूथमध्ये गाणी ऐकायची वाट वेगळी आणि बोलायची वेगळी आहे. माईक चालू झाला की तो बोलण्याच्या वाटेवर जातो आणि आवाज एकदम जुन्या ट्रान्झिस्टरसारखा होतो, लोकांना वाटतं हेडसेट खराब आहे. विंडोज १० मध्ये एकाच हेडसेटच्या दोन नोंदी दिसतात त्या यामुळेच, एक स्टिरिओ आणि एक हँड्सफ्री.

शिवाय ब्लूटूथ आणि बरंचसं वायफाय दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर, आणि एका हॉलमध्ये पन्नास जण ब्लूटूथ लावून बसले की गर्दी होणारच. त्यात डोंगल (वायरलेस हेडसेटची यूएसबीत लावायची छोटी पिन) यूएसबी ३ च्या निळ्या पोर्टात, शेजारी हार्ड डिस्क, असं असेल तर आवाज हमखास तुटतो, कारण यूएसबी ३ चा गोंगाट याच पट्ट्यात पडतो, इंटेलने २०१२ मध्येच हे लिहून ठेवलंय. एक फूटभर एक्स्टेंशन वायर लावून डोंगल टेबलावर आणा, बरेचदा तेवढ्याने भागतं. मोबाईल आणि लॅपटॉप दोन्हीला जोडलेला हेडसेट असेल तर मोबाईलवरची नोटिफिकेशनही आवाज खेचून घेते, कामाच्या वेळी मोबाईलची जोडणी काढा.

अमेरिकेतून येणारे भाऊ-मेहुणे कधी कधी डेक्टवाले (कॉर्डलेस फोनच्या वायरलेस पद्धतीचे) हेडसेट किंवा कॉर्डलेस फोन आणतात, ते इथे वापरू नका. तिकडचा पट्टा १९२० ते १९३० मेगाहर्ट्झ, आणि तो आपल्याकडे मोबाईल कंपन्यांच्या २१०० मेगाहर्ट्झ बँडच्या वाटेत येतो.

घ्यायचाच असेल तर

दोन कानांचा की एका कानाचा, हे बॉसच्या आवडीवर ठरवू नका, जागेवर ठरवा. गोंगाटाच्या फ्लोअरवर दोन कानांचा, कारण एक कान उघडा असला की माणूस दुसऱ्या कानातला आवाज वाढवत नेतो. रिसेप्शनवर, जिथे समोर उभ्या माणसाशीही बोलायचंय, तिथे एका कानाचा. आवाजाच्या मर्यादेबद्दल अमेरिकेतल्या नायॉश संस्थेची शिफारस ८५ डेसिबलला ८ तास अशी आहे आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे ८८ ला ४ तास. फॅक्सचा कर्कश आवाज किंवा माईकची किंकाळी अचानक कानात घुसली तर त्यापासून वाचवणारा लिमिटर हेडसेटमध्ये आहे का हे आधी विचारा, बास किती आहे ते नको. संध्याकाळी कानात शिट्टी वाजल्यासारखं होत असेल तर ते अंगावर काढू नका, कानाच्या डॉक्टरला दाखवा.

आणि सुटे भाग मिळतात का ते बघा. कुशन, स्पंज, खालची वायर हे वेगळं मिळत नसेल तर तो हेडसेट कितीही स्वस्त असो, महागच पडतो. गेमिंगचे मोठे हेडसेट दिसायला भारी असतात, पण आठ तास डोक्यावर ठेवून बघा, चष्मा असेल तर दांडी कानामागे रुतते. पन्नास पीसची ऑर्डर देण्याआधी तीन-चार मॉडेल मागवा आणि एसीखाली बसणारा, चष्मेवाली, सगळ्यात मोठ्याने बोलणारा अशा लोकांना आठवडाभर वापरायला द्या.

घाम, खोबरेल आणि पाऊस

काळं लेदरसारखं कुशन असतं ना, त्याचे पापुद्रे कानाला, गालाला चिकटतात, मुली आरशात बघून वैतागतात. ते खरं लेदर नसतं, वरचा पॉलियुरेथेनचा थर दमट हवेनेच मोडतो, घाम आणि डोक्याचं तेल त्याला मदत करतं. मुंबई, ठाणे, कोकणपट्टीत तो पुण्या-नाशिकपेक्षा लवकर जातो. न वापरता कपाटात ठेवलेली कुशनसुद्धा अशी जातात, त्यामुळे दोन वर्षांचा साठा करून ठेवू नका. कापडी किंवा नुसत्या स्पंजाची कुशन उकाड्यात बरी पडतात पण तेल पितात, त्यामुळे ती सतत बदलायची तयारी हवी.

पुसायला ओलसर फडकं, त्यावर साबणाचा थेंब, आणि मग कोरडं. ७० टक्के आयसोप्रोपिलचे वाइप्स प्लास्टिकला आणि माईकच्या दांडीला चालतात, लेदरला रोज लावले तर तेच लेदर कोरडं पडून तडकतं. सॅनिटायझर थेट स्प्रे करू नका, तो माईकच्या भोकातून आत जातो. माईकची जाळी पावडर, लिपस्टिक आणि चहाच्या वाफेने बुजते तेव्हा मऊ कोरडा ब्रश वापरा, टाचणी नको.

शिफ्टमध्ये एकच हेडसेट दोघांनी वापरायचा ही पद्धत बंद करता आली तर उत्तमच, क्यूडी असेल तर खालची वायर सीटला ठेवून वरचा भाग ज्याचा त्याला द्या, नावाची पट्टी लावून. ते होत नसेल तर निदान कुशन आणि स्पंज प्रत्येकाचे वेगळे. कान वाहणाऱ्या किंवा कानात बुरशी झालेल्या माणसाचा हेडसेट दुसऱ्याला अजिबात नको. पावसाळ्यात भिजून आल्यावर ओल्या केसांवर लगेच हेडसेट चढवू नका, आणि सुट्टीआधी पिशवीत ठेवताना सिलिका जेलच्या पुड्या टाका, नाहीतर पिनवर हिरवट थर धरतो आणि सोमवारी खरखर.

वायर गुंडाळायची ती हाताभर सैल वेटोळ्यात, पिनपाशी वाकवून रबर बँड लावायचा नाही. वायरलेसवाल्यांची बॅटरी वर्षा-दोन वर्षांत दमतेच, पूर्ण चार्ज करून दुपारपर्यंत संपत असेल तर त्याला माईकच्या टिकिटात मोजू नका. गेलेले पीस ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायचे नाहीत, ऑफिसचं ई-कचऱ्याचं खोकं असतं त्यात, बॅटरी आत असेल तर तसं लिहून.

टिकिट टाकताना एवढं लिहा: कोणाला ऐकू येत नव्हतं, रेकॉर्डरमध्ये कसं आलं, कोणतं पोर्ट, आणि हेडसेटवरच्या चिठ्ठीचा नंबर.